बैल न होणारी माती

परवा फोनवर तुमच्यातल्या थोरलीने मला एक प्रश्न विचारला. तिच्या शाळेत इंधनाच्या पिकांवर काहीतरी करायचं होतं. एकदा लावली की वर्षानुवर्षं उपटायची नाहीत, फक्त वरून कापत राहायचं, अशी खोल मुळांची गवतं. ती हवेतला कार्बन जमिनीत नेऊन ठेवतात, असं तिने वाचलं होतं. "आजी, धाकट्या आजीच्या शेतात तसलंच गवत आहे ना? मग तिथली माती बदलली का?" मी म्हटलं, बघून सांगते. बघितलं. पण जे बघितलं ते फोनवर सांगण्याइतकं लहान नव्हतं, आणि मी फोन करते तेव्हा तुमच्याकडे नेमकी शाळेची बस येते. म्हणून सगळ्यांसाठी नीट लिहून काढते आहे.

गावाकडचं आपलं रान वारणानगरच्या वाटेवर आहे. रस्त्यावरून आत शिरलं की जमीन हळूहळू उतरत जाते. वरच्या अंगाला ऊस, मधे विहीर आणि म्हशींचा गोठा, आणि अगदी खाली, ओढ्याच्या अलीकडे, एक तुकडा. घरात त्याला सगळे तळवट म्हणतात. वरच्या उसाला सोडलेलं पाणी झिरपत झिरपत तिथे येऊन बसायचं. उन्हाळ्यात जमीन भेगाळून वर पांढरा क्षार फुटायचा. पावसाळ्यात माती इतकी चिकट व्हायची की पाय घातला तर पायच बाहेर यायचा, चप्पल आत राहायची. मी लग्न होऊन आले त्या वर्षी माझी एक चप्पल तळवटाने ठेवून घेतली. ती त्याच्याकडेच आहे.

तरी तिथे ऊस लावला जायचा, कारण आपल्याकडे मोकळी जमीन दिसली की तिच्यावर ऊस लावायचा असतो. तो गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडायचा. दर वर्षी भाऊजी, म्हणजे तुमचे धाकटे आजोबा, बांधावर उभं राहून म्हणायचे, "औंदा पावसानं घात केला." पाऊस कमी झाला तरी तेच आणि जास्त झाला तरी तेच.

तीन वर्षांपूर्वी तिकडे एक गॅसचा कारखाना सुरू झाला. गवत, शेण, उरलंसुरलं असं सगळं कुजवून गॅस करायचा, तो गाड्यांत भरायचा, आणि उरलेला काळा राडा शेतकऱ्यांना खत म्हणून परत द्यायचा. त्यांना हत्तीगवत हवं होतं. ही बातमी घरात आणली जाऊबाईंनी. जाऊबाई म्हणजे तुमची धाकटी आजी, सीमेकडची. तिकडच्या बायका मोजकं बोलतात, पण बोलल्या की ते ठरलेलं असतं. रात्रीच्या भाकऱ्या करता करता त्या म्हणाल्या, "तळवटात हत्तीगवत लावू या. म्हशीस्नी वैरण हुईल, ऱ्हायलेलं गॅसवाले नेतील."

भाऊजींचा घास हातातच राहिला असणार. ते पुढे अनेकदा मला हे ऐकवत. "वैनी, माझं सगळं आयुष्य रानातलं गवत उपटण्यात गेलं. आन आता माझीच बायको म्हणती, गवत लाव."

शेवटी तह झाला. तीन वर्षं तळवट जाऊबाईंचं. तीन वर्षं झाली की नांगर घालून पुन्हा ऊस. जाऊबाई म्हणाल्या, "चालतंय." इतकी वर्षं त्या घरात त्यांचा शब्द चालायचा तो म्हशींच्या बाबतीत आणि चुलीच्या बाबतीत. कुठल्या जमिनीवर काय लावायचं, हे त्यांनी पहिल्यांदाच ठरवलं होतं. त्यांनी स्वतः कांड्या आणल्या, सरीला लावल्या, पहिलं वर्ष त्या गवताकडे असं लक्ष दिलं की जणू नातवंडच. गावात भाऊजींना लोक विचारत, "काय, यंदा गवताला दर काय?" ते हसत, पण घरी येऊन चहा न मागता बसत.

यंदाच्या बेंदराला ती तीन वर्षं भरत होती.

बेंदूर म्हणजे बैलांचा सण. बाकी महाराष्ट्रात पोळा असतो, आपल्याकडे त्याच्या आधी बेंदूर. आता घरात बैल नाहीत, कामाला ट्रॅक्टर येतो. पण मातीचे बैल करून पाटावर मांडायचे, त्यांना हळदकुंकू वाहायचं, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा, हे कधी चुकलेलं नाही. इथे शहरात, राजारामपुरीत, आमच्या फ्लॅटखालीच रंगवलेले बैल घेऊन विक्रेते बसतात. पण आपल्या घराचा रिवाज असा की माती आपल्याच रानाची हवी आणि बैल थोरल्या सुनेने करायचे. म्हणून मी दर वर्षी आदल्या दिवशी गावी जाते. तुमचे आजोबा गुडघ्यामुळे येत नाहीत. त्यांना फक्त डब्यातून कटाची आमटी यावी लागते.

इंग्रजीत एम.ए. करून सासरी आलेल्या मुलीला पहिल्याच आषाढात मातीचा गोळा हातात देऊन "बैल कर" म्हटलं गेलं, तेव्हा मला रडू आलं होतं. पण तळवटाच्या मातीने लाज राखली. ती माती म्हणजे मऊ, गुळगुळीत, लोण्यासारखी. चार पाय ओढले, वशिंड उचललं, शिंगं वळवली की झालं. कुंभारसुद्धा आमच्याकडून ती न्यायचा. वर्षाच्या त्या एका सकाळी तळवटाचं कौतुक व्हायचं, बाकी वर्षभर त्याला शिव्या.

या वर्षी मी पोहोचले तेव्हा पाऊस थांबलेला होता. पुढच्या सोप्यात भाऊजी खुर्चीत, जाऊबाई खाली बसून पुरणाची डाळ निवडत होत्या. चहा झाल्याबरोबर भाऊजी म्हणाले, "वैनी, ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठेवलंय. बेंदूर झाला, जरा उघडीप मिळाली की तळवट नांगरून घ्यायचं. आडसाली उसाची लावण करतो."

जाऊबाईंचा हात थांबला नाही. सुपातली डाळ मात्र जरा जोरात उसळली.

मी त्यांच्या शेतीत तोंड घालत नाही. माझ्या स्वयंपाकघरात कुणी डबे हलवलेले मला आवडत नाहीत, तसंच हे. पण तुमचा प्रश्न माझ्याकडे होता. मी म्हटलं, "भाऊजी, तुमची नात विचारते आहे, गवताने माती बदलली का."

"बदलणार की. खाल्ली असंल सगळी," ते म्हणाले. "दर दोन-अडीच महिन्यांनी डोक्याच्या वर गवत निघतंय. येवढं सगळं येतंय कुठनं? मातीतनंच की. का वाऱ्यावर येतंय?"

"बरंचसं वाऱ्यावरच येतं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "वैनी, तुमी इंग्रजी शिकवत होता न्हवं?"

"हो."

"मग बरं हाय. शेती शिकवली न्हाई त्ये."

जाऊबाई हसल्या. मीही हसले, पण सोडलं नाही. मला जेवढं वाचून समजलं होतं तेवढं सांगितलं. पान हवेतून कार्बन घेतं, उन्हावर त्याचं अन्न करतं. त्यातलं काही वर, पात्यांत आणि कांड्यांत राहतं. ते आपण कापून नेतो, म्हैस खाते किंवा गॅस होऊन जळतं, आणि ते परत हवेत जातं. म्हणजे आलं तसं गेलं. पण गवत त्यातलंच काही अन्न खाली मुळांनाही पाठवत असतं. ऊस आणि हत्तीगवत तसे भाऊबंदच. फरक इतकाच की आपण उसाचा खोडवा, म्हणजे कापलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस, एकदोनदा घेऊन नांगर घालतो. हे गवत तिथेच राहतं आणि मुळं खोल खोल जात राहतात. जुनी मुळं मरतात, नवी येतात, मेलेली तिथेच मातीत मुरतात. खाली हवा कमी, नांगर पोहोचत नाही, म्हणून ती लवकर कुजून जात नाहीत.

"जुन्या घरात पेव असायचं बघा," मी म्हटलं. "जमिनीखाली ज्वारी साठवायची, तोंड शेणामातीने लिंपून टाकायचं. तसं."

पेव म्हटल्यावर भाऊजी खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्या आजोबांचं पेव त्यांनी पाहिलेलं आहे. "आन नांगर घातला की?"

"पेवाचं तोंड उघडं टाकलं. हवा लागली. साठलेलं हळूहळू उडून जातं."

ते पुन्हा मागे टेकले. मग म्हणाले, "पेवातली ज्वारी माणसाला खाता येती. हे तुमचं कार्बन कुणी खायचं?"

"माती खाती," खालून जाऊबाई म्हणाल्या. "तिलाबी पोट हाय."

भाऊजी उठून अंगणात गेले. जाऊबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आक्का, तीन वर्सं मी मागून घेतली ती चुकली. मागायचीच तर धा मागायची हुती. आता शब्द दिलाय. मी काय बोलू शकत न्हाय."

शब्द त्यांचा, नवरा त्यांचा. मी त्यांच्याबरोबर उरलेली डाळ निवडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाई म्हशींना वैरण आणायला गेल्या होत्या, तेव्हाच येताना घमेल्यात तळवटाची माती घेऊन आल्या. पुरणाची डाळ चुलीवर चढली. मी पाट मांडला, पाण्याचा तांब्या घेतला, शेजारी हळदकुंकू, गहू, शिंगांना लावायला लाल हुरमुंज, सगळं ओळीने ठेवलं. तुम्हाला माझी सवय माहीत आहे. आणि माती मळायला घेतली.

ती हाताला वेगळी लागली. चिकटेचना. चहा पावडरीसारखे बारीक बारीक कण, आणि त्यांत केसांसारख्या मुळ्या. एक ओढली की तिच्यामागे दहा येत. मी पाणी घातलं. जरा गोळा झाला. अंग केलं, चार पाय ओढले, पाटावर उभा केला. बैल क्षणभर उभा राहिला आणि मग अगदी थकल्यासारखा खाली बसला. दुसरा केला. त्याचं वशिंड गळून पडलं. आणखी पाणी घातलं, तर तिसऱ्याचे पाय चारी दिशांना गेले.

भाऊजी आंघोळ करून आले आणि माझ्या मागे उभे राहिले. "वैनी, बैल हाय का कासव?"

"माती ऐकत नाही."

"मातीला इंग्रजीत सांगताय काय?"

मी चौथा केला. त्याचं एक शिंग तिथेच तुटलं, कारण शिंगाच्या मधून मुळी गेली होती आणि मी तिला ओढलं. भाऊजींना आता राहवेना. लहानपणी गल्लीत सगळ्यांत चांगले बैल तेच करायचे, हे मी शंभर वेळा ऐकलेलं आहे. "सरा," म्हणाले आणि मांडी घालून बसले. त्यांनी माती हातात घेतली, दाबली, पुन्हा दाबली. पाय ओढले. पाय हातात आले, बैल पाटावर राहिला.

आत पुरण ढवळणाऱ्या जाऊबाईंना त्यांनी हाक मारली. "अगं, ही माती कुठली?"

"तळवटातली."

"न्हवं. ही तळवटातली न्हवं. वरच्या रानातनं उचलून आणलीस. बेंदराच्या दिवशी खोटं बोलू नगंस."

जाऊबाई हातातला कालथा घेऊनच बाहेर आल्या. मातीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "वरच्या रानात ही काळी माती कवा बघितलीसा तुमी? तीन वर्सं खाली पाय ठेवला न्हाय. चला, दावते."

आणि बेंदराच्या सकाळी, चुलीवर पुरण ठेवून, आम्ही तिघं तळवटाकडे निघालो. पुढे जाऊबाई कालथ्यासकट, मागे भाऊजी कुदळ घेऊन, त्यांच्या मागे मी, पदर खोचून आणि पायाच्या बोटांत चप्पल घट्ट धरून. वाटेत कुणी भेटलं नाही ते बरं.

रात्री चांगला पाऊस झाला होता. बांधापलीकडे शेजाऱ्यांचा तसाच तुकडा आहे, तसाच चिकट, तसाच पिवळा ऊस त्यात. तिथे सरीसरीत पाणी उभं होतं, त्यात ढग दिसत होते. आपल्या बाजूला गवत डोक्याच्या वर, आणि त्याच्या बुडाशी पाणी नव्हतं. जमीन ओली होती, पण पाणी कुठेतरी खाली गेलं होतं. मी चपलेसकट पाय टाकला. चप्पल माझ्याबरोबर परत आली.

"खणा," जाऊबाई म्हणाल्या.

भाऊजींनी गवताच्या दोन ठोंबांमधे कुदळ मारली. पहिल्या घावाला ती मुळ्यांत अडकली. त्यांनी शिवी दिली नाही, सण होता. दुसरा घाव, तिसरा. माती ढेकळांनी उठायच्या ऐवजी भुरभुरत उठली. गुडघाभर खड्डा झाला तरी मुळ्या खाली जातच होत्या. काही जाड, दोरीसारख्या, बहुतेक बारीक, पांढऱ्या. मेलेल्या तपकिरी मुळ्या मधून मधून, आणि त्या जिथे कुजल्या होत्या तिथे काळ्या रेघा. एक गांडूळ बाहेर आलं, उजेड बघून परत आत गेलं. भाऊजी खाली वाकले, मूठभर माती नाकाशी नेली. असा वास मला फक्त आंबोलीच्या झाडीतून जाताना आल्याचं आठवतं. त्यांनी माती खाली टाकली नाही, हातातच ठेवली.

मग ते बांधावरून शेजाऱ्यांच्या बाजूला वाकले आणि तिथली मूठभर माती उचलली. राखाडी, चकचकीत. बघता बघता त्यांच्या बोटांनी तिचं वशिंड केलं, शिंगं केली. "हिचा बैल बघा कसा झकास हुतोय," ते म्हणाले. मग आठवलं की ती दुसऱ्याची माती आहे, म्हणून तो अर्धा बैल बांधापलीकडे परत ठेवला.

दोन हातांत दोन प्रकारची माती घेऊन पाहिली की माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही, असं मला वाटलं. मी मनात म्हटलं, झालं, आता ट्रॅक्टर येत नाही.

भाऊजी सरळ झाले आणि त्यांचा चेहरा उजळला. "व्हय की," ते म्हणाले. "सुधारली की माती. वैनी, तुमची नात बरोबर बोलली. अशा मातीत ऊस कसला येईल, सांगा. माझ्या बापाला जमलं न्हाय ते हुईल आता. उघडीप कशाला बघायची? सोमवारीच नांगर घालतो."

मला हसावं की रडावं कळेना. जाऊबाईंचा पुरावाच त्यांच्या विरुद्ध उलटला होता. त्यांच्या तोंडाकडे मला बघवेना.

"म्हंजे," जाऊबाई सावकाश म्हणाल्या, "मी शिजवायचं आन तुमच्या उसानं जेवायचं."

"अगं, जमीन एकच हाय. तुझी काय, माझी काय."

"व्हय. लावा की ऊस. मी शब्द दिलाय, माझी ना न्हाय." त्यांनी कालथ्याने पलीकडच्या बाजूकडे बोट केलं. "नांगर घाला, पाणी सोडा, खत टाका. पैलं वरीस लई झकास येईल. दुसरं बरं येईल. आन मग बेंदराला तुमचं बैलबी झकास हुतील, त्या बांधापल्याडच्यासारखं."

एवढं बोलून त्या वळल्या, कारण पुरण लागल्याचा वास त्यांना म्हणे तिथपर्यंत आला. मला आला नाही. त्या भराभरा घराकडे निघून गेल्या.

भाऊजी खड्ड्याजवळ उभे राहिले. मी पण राहिले. मी काही शिकवलं नाही. गवताच्या पात्यांतून वारा येत होता, आणि तेच पाहत ते म्हणाले, "वाऱ्यावर येतंय म्हणायचं सगळं."

"सगळं नाही. खतही लागतं. तो कारखान्याचा राडा टाकता म्हणून चालतंय."

"त्ये टाकतोच." मग थोड्या वेळाने, "या तुकड्यानं आमच्या चार पिढ्यांला बैल दिलं, वैनी. दुसरं काय दिलं? ऊस तर कवाच दिला न्हाय. मी आपला पावसाला शिव्या देत बसलो."

तुमच्यातल्या थोरलीसाठी इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण ती ही उत्तरं शाळेत देणार आहे. माती काळी झाली, भुसभुशीत झाली, पाणी मुरायला लागलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्यात किती कार्बन साठला हे डोळ्यांना कळत नाही. ते प्रयोगशाळेत तपासावं लागतं, आणि तेही एकदा नाही, वर्षा-वर्षांच्या अंतराने, वरच्या थरात आणि खोलातही. तीन वर्षं हा मातीच्या हिशेबात फार थोडा काळ आहे. वरवर पाहून 'आपण जग वाचवलं' असं लिहू नकोस. 'आजीच्या तळवटात साठायला सुरुवात झाली आहे आणि नांगर घातला तर ते थांबेल' एवढं लिहिलंस तर ते खरं आहे.

आम्ही परत आलो तेव्हा पुरण वाचलं होतं, तळाला जरासं धरलं होतं इतकंच. पाटावर माझे चार पडलेले बैल तसेच होते. आता प्रश्न पूजेचा. शेजाऱ्यांकडून माती मागून आणावी का, कुंभाराकडून दोन बैल घ्यावे का, मी विचारलं. भाऊजी पाटासमोर बसले. उरलेली माती घेतली, पाणी थोडंच घातलं, मुळ्या न काढता तशीच मळली. मग पायांच्या नादी लागलेच नाहीत. जाडजूड अंग केलं, त्याच्याखाली पाय दुमडून चिकटवले, मान जरा वर, वशिंड बसकं. शेपटीच्या जागी एक मुळीच सोडून दिली. बैल बसला होता, शिवाच्या देवळातल्या नंदीसारखा, आणि अजिबात पडत नव्हता.

दुसरा तसाच केला. दोन्ही पाटावर शेजारी ठेवले.

जाऊबाई दाराशी बसून पुरणयंत्र फिरवत होत्या. "ह्ये काय? बेंदराचं बैल बसल्यालं असत्यात काय?"

"उभं कशाला ऱ्हायाचं?" भाऊजी मान वर न करता म्हणाले. "नांगर वढायचा न्हाय, आन उभं कशाला? बसू दे."

जाऊबाईंना लगेच कळलं की नाही, मला सांगता येत नाही. पुरणयंत्र मात्र थांबलं. भाऊजींनी मातीच्या हातानेच खिशातून फोन काढला आणि ट्रॅक्टरवाल्याला लावला. पलीकडून काहीतरी विचारणा झाली असणार, कारण हे म्हणाले, "न्हाय, न्हाय, पावसाचं न्हाय. खालचं न्हाय नांगरायचं. आरं, कवा म्हणून काय, न्हायच नांगरायचं. वरचं कर तेवढं. ... कोण म्हणतंय? मी म्हणतोय. ... बरं, ती म्हणती. मग काय झालं? तुझी बायको काय म्हणत न्हाय काय तुला?"

फोनला लागलेली माती वाळेपर्यंत ते बोलत होते. मी बैलांच्या शिंगांना हुरमुंज लावला, गळ्यात गव्हाचे दाणे चिकटवले. मुळ्या असल्याने दाणे छान धरून राहिले, हा एक फायदा.

पूजा झाली. पुरणपोळ्या जेवताना जाऊबाईंनी भाऊजींच्या पानात न विचारता दुसऱ्यांदा तूप वाढलं. त्या जेवायला बसल्या त्या नेहमीप्रमाणे शेवटी, पण मी आणि भाऊजी उठलो नाही, गप्पा मारत बसलो. म्हशीचं दूध, गॅसवाल्यांची गाडी, या वर्षी आंबे कसे झाले, काय वाटेल ते. बोलता बोलता जाऊबाई म्हणाल्या, "कापणीला आलंय गवत. पुढच्या आठवड्यात उरकायला पायजे. बाया मिळत न्हाईत लावणीच्या दिवसांत."

त्या गवताच्या पात्यांचे काठ करवतीसारखे असतात. म्हणून कापायला जाताना जाऊबाई साडीवर भाऊजींचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, बटणं गळ्यापर्यंत लावून. तुम्ही त्यांना तसं पाहिलेलं नाही. फार ऐटबाज दिसतात.

भाऊजींनी ताटातली वाटी उचलून शेवटची आमटी प्यायली आणि वाटी खाली ठेवली. "मी येतो की," ते म्हणाले.

"कुठं?"

"गवत कापायला. आता माझंबी हाय न्हवं ते?"

जाऊबाई जेवत राहिल्या. "या की."

"पर शर्ट तर सगळं तूच घालून बसलीस," भाऊजी म्हणाले. "माझ्यासाठी एकांदा ऱ्हायलाय काय?"

"बघते," जाऊबाई म्हणाल्या, "फाटका असंल तर."